ब्रह्मावर्ताला चाळीस मिनिटे

माननीय संपादक महोदय यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी उत्तरेकडील तीर्थक्षेत्रांविषयी जो प्रवासलेख प्रसिद्ध झाला, त्यात कानपूरजवळच्या बिठूरच्या वाट्याला दोन वाक्ये आणि एक छायाचित्र आले होते. छायाचित्राखाली ‘नानासाहेब पेशव्यांचा वाडा’ अशी ओळ होती. चित्रात दिसत होते ते अगदी अलीकडे उभारलेले स्मारक उद्यान. नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी १८५७ मध्येच जाळला, पाडला आणि लुटला. आज त्या परिसरात पडक्या भिंतींचे थोडे अवशेष सोडले, तर वाडा म्हणावा असे काहीही उभे नाही. चूक लहान आहे आणि एका ओळीच्या दुरुस्तीने ती निस्तरली असती. परंतु बिठूरविषयी आपण मराठी माणसे नेहमी अशाच प्रकारे लिहितो आणि बोलतो, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. लांबीबद्दल क्षमस्व.

मी बिठूरला प्रथम गेलो तो एका सहल कंपनीच्या काशी-प्रयाग-अयोध्या यात्रेत. कार्यक्रमपत्रिकेत ‘बिठूर (ब्रह्मावर्त): नानासाहेब, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांची भूमी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. प्रत्यक्षात आमच्या बसला तिथे चाळीस मिनिटे मिळाली. त्यांतली निम्मी उद्यानातील पुतळ्यांसमोर छायाचित्रे काढण्यात गेली, उरलेली चहात. घाटापर्यंत जायचे आहे असे म्हणणारे आम्ही तिघेच निघालो, आणि ‘गंगा काय, काशीला बघितलीच की’ असे उत्तर आम्हाला मिळाले. त्यानंतर मी स्वतःच्या खर्चाने दोनदा जाऊन आलो, एकदा कार्तिकात आणि एकदा ऐन उन्हाळ्यात. पुढे जे लिहितो आहे ते त्या दोन खेपांत पाहिलेले आणि घरी परतल्यावर इतिहासग्रंथांत वाचलेले, असे दोन्ही मिळून आहे.

बिठूर हे गंगेच्या उजव्या तीरावर, कानपूरच्या वायव्येला, वीस-पंचवीस किलोमीटरवर वसलेले छोटे नगर आहे. कानपूरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने निघाले की कल्याणपूरला आयआयटीचे विस्तीर्ण आवार लागते, पुढे मंधना येते आणि तिथून नदीच्या दिशेने वळावे लागते. मंधन्यापासून रेल्वेचाही एक छोटा फाटा फुटतो आणि तो जिथे संपतो त्या स्थानकाचे नाव मात्र बिठूर नसून ब्रह्मावर्त असे आहे. जुन्या मराठी कागदांतही हे गाव बहुधा ब्रह्मावर्त याच नावाने येते. सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवर्णनात या क्षेत्राविषयी लिहिले आहे. त्या पिढीच्या भिक्षुकाला बिठूर म्हणजे प्रथम एक तीर्थ वाटे आणि मग पेशव्यांचे ठिकाण. आपण तो क्रम उलटा करून टाकला आहे.

घाटाच्या पायरीत एक खुंटी बसवलेली आहे. ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केल्यावर इथे अश्वमेध केला आणि ही त्याची खूण, असे तिथले पंडे सांगतात. पृथ्वीचे मध्यही तेच, असे ते त्याच दमात जोडतात. जवळच वाल्मीकींचा आश्रम दाखवतात. सीता इथे राहिली, लव आणि कुश इथे जन्मले, आणि तिला धरणीने पोटात घेतले तेही इथेच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. थोड्या अंतरावर ध्रुवाने तप केले तो टीला, म्हणजे टेकाड, आहे. गंगेच्या पलीकडे उन्नाव जिल्ह्यात परियर म्हणून गाव आहे, त्याचेही सीतेशी असेच नाते सांगितले जाते. दोन काठांवरच्या दोन गावांनी एकाच सीतेवर हक्क सांगावा आणि मधल्या नदीने दोघांचे ऐकून घ्यावे, यात मला तरी काही वावगे वाटले नाही. आपल्याकडेही एकाच देवाची तीन-तीन मूळ स्थाने असतातच.

श्रद्धा बाजूला ठेवली तरी गावाचे प्राचीनत्व कमी होत नाही. गंगा-यमुनेच्या दुआबात तांब्याच्या हत्यारांचे जे प्राचीन साठे सापडतात आणि ज्यांचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात जातो, त्यांतले अगदी सुरुवातीला नोंदले गेलेले एक हत्यार, मासे मारण्याचा तांब्याचा काटेरी भाला, १८२२ मध्ये याच बिठूरला मिळाले. तशीच हत्यारे परियरलाही मिळाली आहेत. म्हणजे शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांना इथे येऊन जेमतेम तीन वर्षे होतात न होतात, तोच त्यांच्या पायाखालच्या मातीतून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळ्याचा भाला वर आला. ही गोष्ट मी आजवर एकाही मराठी लेखात वाचली नाही, आणि खरे सांगायचे तर बिठूरविषयी मला सर्वांत जास्त काही सांगून गेली ती हीच.

पेशव्यांच्या आधीचे बिठूर निर्मनुष्य अरण्य नव्हते, हे आणखीही काही गोष्टींवरून दिसते. लाल दगडाचा जो देखणा पत्थर घाट आज सगळे पाहतात, तो अवधच्या नवाबाचे मंत्री टिकैतराय यांनी बांधला. एका मुसलमान दरबाराच्या हिंदू मंत्र्याने बांधलेला हा घाट पुष्कळ मराठी यात्रेकरू पेशव्यांच्या खाती जमा करून मोकळे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी काही काळ कानपूर जिल्ह्याचे मुख्य ठाणेही बिठूरला होते. कार्तिकी पौर्णिमेची जत्रा तर कोणत्याही राजवटीवर अवलंबून नव्हती. त्या काळी नदी हाच हमरस्ता होता. धान्य, कापूस, इमारती लाकूड नावांनी वाहून नेले जाई आणि अशा काठावरच्या गावाला त्याचा वाटा मिळे.

या गावात मराठे आले ते पराभूत होऊन. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. काशी किंवा हिंदुस्थानातील दुसऱ्या एखाद्या पुण्यक्षेत्री राहण्याची मुभा आणि सालिना आठ लाख रुपयांचे वेतन, हे त्या तहाचे मुख्य कलम होते. काशी त्यांना मिळाली नाही. बिठूर ठरले, कारण ते क्षेत्र तर होतेच, शिवाय कानपूरची मोठी इंग्रजी छावणी तिथून हाकेच्या अंतरावर होती. १८१९ च्या फेब्रुवारीत बाजीराव तिथे पोहोचले आणि २८ जानेवारी १८५१ रोजी तिथेच वारले. पुण्याच्या गादीवर ते बावीस वर्षे होते, तर बिठूरला जवळजवळ बत्तीस. हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

‘पळपुटा’ हे एक विशेषण चिकटवले की आपले बाजीरावांविषयीचे काम संपते. त्यांच्या राजकारणाचा बचाव करण्याची माझी इच्छा नाही; तो करता येण्यासारखाही नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने या बत्तीस वर्षांत एक विलक्षण गोष्ट घडली. पुण्याहून आणि कोकणातून हजारो माणसे त्यांच्यामागून गंगाकाठी आली. त्यांत सरदार-शिलेदार होते तसे भिक्षुक, वैदिक, कारकून, आचारी, पाणके आणि त्यांची कुटुंबेही होती. बाजीरावांना तोडून दिलेल्या जहागिरीत कंपनीच्या न्यायालयांचा अंमल चालत नसे. त्यांच्यावर नजर ठेवायला एक इंग्रज कमिशनर नेमलेला असे, पण आतला न्यायनिवाडा पेशव्यांचा. म्हणजे गंगेच्या काठी दोन-तीन कोसांच्या परिघात मराठी बोलणारी, मोडी लिहिणारी, श्रावणातली दक्षिणा आणि गणपतीचा उत्सव जपणारी एक वसाहत एका पिढीहून अधिक काळ नांदली. आठ लाखांतला बराचसा पैसा याच गावात खर्च होत होता. ज्या गवळ्याने दूध घातले, ज्या मल्लाहाने नाव वल्हवली, ज्या गवंड्याने वाडे बांधले, ते बिठूरचेच रहिवासी होते. त्यांच्या दृष्टीने पेशवे हे आधी गिऱ्हाईक आणि मग महाराज असणार, आणि त्यांच्या बाजूने हा इतिहास अजून कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

इथे एक अवांतर गोष्ट नोंदवतो, कारण आपल्या पुरवणीतही ती आली होती. नाना, तात्या आणि मनू हे तिघे बिठूरच्या मैदानावर बालपणीचे सवंगडी म्हणून तलवार खेळत, असे चित्र आपण शालेय वयापासून पाहत आलो. तात्या टोपे येवल्याचे, जन्म १८१४ च्या सुमाराचा. नानासाहेब कर्जतजवळच्या वेणगावचे, जन्म १८२४ चा, आणि बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतले ते १८२७ मध्ये. मनूच्या जन्माचे साल कोणी १८२८ देतात, कोणी १८३५. काशीला बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या आश्रयाला असलेले मनूचे वडील मोरोपंत तांबे आप्पांच्या मृत्यूनंतर मुलीला घेऊन बिठूरला आले, आणि १८४२ मध्ये तिचे लग्न झाशीच्या गंगाधररावांशी झाले. यांतले कोणतेही साल धरले तरी ती खेळण्याच्या वयाची झाली तेव्हा नाना दहा वर्षांच्या पुढचे आणि तात्या वीस ओलांडलेले किंवा त्या उंबरठ्यावरचे होते. एका वाड्यात तिघांचा वावर होता, ओळख होती, आणि पुढच्या लढ्यात ती ओळख उपयोगी पडली असेल, इतपत म्हणणे योग्य. तिघांना एकाच वयाचे करून एका चित्रात बसवण्याची गरज त्यांच्या पराक्रमाला नाही.

बाजीरावांच्या मृत्यूनंतर कंपनी सरकारने वेतन बंद केले. बत्तीस वर्षांत अडीच कोटींहून अधिक रक्कम दिली गेली आहे, ती पुरे, असा डलहौसी यांच्या सरकारचा पवित्रा होता. जहागिरीतील स्वतंत्र न्यायाधिकारही काढून घेण्यात आला. नानासाहेबांनी अर्ज केले आणि १८५३ मध्ये अजीमुल्ला खान यांना विलायतेला पाठवले, पण तिथेही दाद लागली नाही. नानासाहेबांना इंग्रजी वृत्तपत्रे वाचून दाखवण्यासाठी एक इंग्रज माणूस ठेवलेला होता, असे उल्लेख आहेत. कानपूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना ते बिठूरला मेजवान्या देत, हे तर सर्वश्रुत आहे. आपण हा सगळा भाग नानासाहेबांचा व्यक्तिगत अपमान म्हणून सांगतो. तो होताच. पण एका छोट्या गावात दरसाल येणारे आठ लाख रुपये एका वर्षी येईनासे झाले, तेव्हा त्या गावाच्या बाजाराचे काय झाले असेल, याचा विचार करून पाहावा. अवलंबून असलेल्या शेकडो घरांना सहा वर्षे सांभाळून नानासाहेब सत्तावनपर्यंत पोहोचले.

सत्तावनच्या घटना आपल्या वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून मी त्या थोडक्यात आणि बिठूरच्या बाजूने सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरच्या पलटणी उठल्या. २७ जूनला सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांच्या होड्यांवर गोळीबार होऊन कत्तल झाली आणि १५ जुलैला बीबीघरात कोंडलेल्या सुमारे दोनशे बायका-मुलांना मारण्यात आले. हे प्रसंग आपल्या मराठी लेखांत अनेकदा गाळले जातात किंवा एका अर्धवाक्यात उरकले जातात. ते गाळू नयेत. नानासाहेबांचा त्यांत नेमका वाटा किती, याविषयी इतिहासकारांत वाद आहे आणि तो वाद वाचकांसमोर ठेवता येतो. घटना झाकता येत नाहीत. त्याचप्रमाणे इंग्रज सेनापती हॅवलॉक यांच्या फौजेने कानपूर घेतल्यावर नील या अधिकाऱ्याने जे सूड घेतले, कैद्यांना रक्त चाटायला लावून फासावर चढवले, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे लागते.

हॅवलॉक कानपुरात शिरले त्या सुमारास नानासाहेबांनी कुटुंबासह बिठूर सोडले आणि रात्री नावेने गंगा ओलांडून ते अवधच्या बाजूला फतेहपूर चौरासीकडे गेले. मी गंगेत जलसमाधी घेणार आहे, मध्यधारेत नावेवरचा दिवा विझला की ती खूण समजा, असे त्यांनी काठावर जमलेल्या लोकांना सांगितले, दिवा विझला आणि लोकांनी टाहो फोडला, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात काठ दिसतो आणि काठावर उभे असलेले गाव दिसते. नाव गेली. गाव तिथेच राहिले.

१९ जुलैला इंग्रजांची तुकडी बिठूरला आली आणि तिने वाडा जाळला. १६ ऑगस्टला बिठूरलाच हॅवलॉक यांची शिपायांच्या फौजेशी लढाई झाली. डिसेंबरात कानपूरजवळ तात्या टोपे यांचा पराभव झाल्यावर होप ग्रँट यांची फौज पुन्हा आली. उरलेसुरले वाडे आणि देवालय उद्ध्वस्त करण्यात आले आणि वाड्याच्या विहिरीत टाकलेला खजिना वर काढण्यासाठी सैनिक तिथे कित्येक दिवस खपत होते. पाच महिन्यांत तीन वेळा एकाच गावावर फौज चालून येणे म्हणजे काय, हे सांगायला कोणत्याही अतिशयोक्तीची गरज नाही. तात्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी झाली. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यांना २० ऑगस्ट १८६२ रोजी कानपूरला, त्याच सतीचौरा घाटावर फाशी दिले. नानासाहेबांचे भाऊ बाळासाहेब नेपाळच्या तराईत गेले. नानासाहेबांचा शेवट कुठे आणि कसा झाला हे निश्चित झाले नाही, आणि महाराष्ट्रात गावोगावी त्यांच्या नावाच्या समाध्या व आख्यायिका निघत राहिल्या. नानासाहेबांच्या मागे आपण इतके धावलो की बिठूरकडे वळून पाहायला सवड झाली नाही.

वास्तविक बिठूरचा खरा ऱ्हास तोफांनी जितका केला, तितकाच त्याच काळातल्या इतर दोन गोष्टींनी केला असे मला वाटते. ३ मार्च १८५९ रोजी अलाहाबाद ते कानपूर आगगाडी सुरू झाली आणि नदीवरची वाहतूक हळूहळू आटली. कानपूरला कापसाच्या आणि चामड्याच्या गिरण्या-कारखाने निघाले; बिठूर बाजूला पडले. दुसरी गोष्ट पाण्याची. १८५४ मध्ये हरिद्वारहून गंगेचा वरचा कालवा सुरू झालाच होता. १८७८ मध्ये नरोरा येथून खालचा कालवा निघाला. दुआबातली शेती त्यामुळे पिकली, हे खरेच आहे. परंतु उन्हाळ्यात बिठूरच्या घाटासमोर जी गंगा येते ती या कालव्यांना पाणी देऊन उरलेली गंगा असते. मी मे महिन्यात गेलो तेव्हा प्रवाह पलीकडे सरकलेला होता आणि मधल्या पांढऱ्या वाळूत काकडी, खरबूज, टरबुजाचे वेल पसरले होते. या नदीकाठच्या जमिनीला तिकडे कटरी म्हणतात. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते, पाणी ओसरले की माणसे तिथे परत येतात, आणि पुढच्या वर्षी कटरी कोणाच्या बाजूला किती निघेल हे नदीशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

१९०१ च्या जनगणनेत बिठूरची लोकसंख्या ७,१७३ होती. २०११ मध्ये ती अकरा हजारांच्या आसपास होती. एवढ्या अवधीत शेजारचे कानपूर कित्येक पटींनी वाढून लक्षावधींचे महानगर झाले. बिठूरच्या संथपणात गंमतही आहे. सकाळी घाटावर जावळ काढायला आलेली कुटुंबे, आंघोळीनंतर कपाळी गंध लावणारे पंडे, गिऱ्हाइकाची वाट पाहत नावेच्या काठावर बसलेले मल्लाह, माकडांचा उच्छाद आणि गल्लीगल्लीत दिसणारी पडकी देवळे, असे ते गाव आहे. कार्तिकी पौर्णिमेला मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते. अलीकडे कानपूरहून येणाऱ्या रस्त्यावर निवासी वसाहती, आश्रम, मंगल कार्यालये आणि पाण्याच्या खेळांची उद्याने एकापुढे एक उभी राहत आहेत. शहर एक दिवस बिठूरपर्यंत पोहोचेल हे उघड दिसते, आणि तेव्हा जुन्या भिंतींना किती किंमत राहील याची मला काळजी वाटते.

या गावात आजही मोजकी मराठी घराणी आहेत. त्यांच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांशी घाटावर माझे बोलणे झाले. ते माझ्याशी मराठीत बोलू लागले तेव्हा त्यांना शब्द शोधावे लागत होते, पण जे शब्द सापडत ते माझ्या आजीच्या तोंडचे होते. पुढची पिढी मराठी बोलत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. ज्या भाषेत शाळा, बाजार आणि शेजार चालतो तीच मुलांची भाषा होते. माझ्या मनात राहिले ते त्यांचे एक वाक्य. ‘तुमच्याकडून लोक येतात,’ ते म्हणाले, ‘पुतळ्याला हार घालतात आणि विचारतात, वाडा कुठे आहे. आमच्याकडे काय आहे ते कोणी विचारत नाही.’ घरात जुनी मोडी कागदपत्रे आहेत का, असे मी विचारले, तेव्हा काही होती, काही गंगेत सोडली, काही वाळवीने खाल्ली, असे उत्तर मिळाले.

म्हणून माझी विनंती अशी आहे. वाड्याबरोबर पेशव्यांच्या बिठूरचे दप्तर बव्हंशी नष्ट झाले असे मानले, तरी त्या वसाहतीच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. कंपनी सरकारचा पत्रव्यवहार सरकारी अभिलेखागारांत आहे आणि इतिहासकारांनी तो वापरला आहे. राहिले आहे ते घरोघरीचे: देवघरातल्या मूर्ती आणि त्यांवरची अक्षरे, घाटांवरचे शिलालेख, सतीच्या चौऱ्यांचे दगड, कुळांच्या आठवणी. तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांकडे यात्रेकरूंच्या नोंदींच्या वह्या ठेवण्याची परंपरा आहे. ब्रह्मावर्ताच्या पंड्यांकडे अशा ज्या वह्या असतील, त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या कुळांच्या सह्या मोडीत सापडण्याचा संभव फार मोठा आहे. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ काम करीत आहे, पेशवे दप्तर पुण्यातच आहे, आणि मोडी शिकवणारे वर्ग आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या चार-पाच तरुणांनी एका हिवाळ्यात पंधरा दिवस बिठूरला काढले, छायाचित्रे घेतली, वृद्धांची बोलणी ध्वनिमुद्रित केली, तर ते काम फार खर्चाचे नाही. फक्त ते करताना कागद उचलून पुण्याला आणण्याचा मोह टाळावा. ते बिठूरचे कागद आहेत. त्यांच्या प्रती आपल्याला पुरेशा आहेत.

आणि हे काम केवळ मराठी घरांपुरते ठेवू नये. सत्तावनच्या तीन स्वाऱ्यांत ज्यांची घरे जळली त्यांत मराठी किती आणि स्थानिक किती, याचा शोध कोणी घेतला आहे का? मल्लाहांच्या वस्तीत, बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडे, मशिदीच्या परिसरात या काळाविषयी काय बोलले जाते? नानासाहेबांची कन्या म्हणून मैनावतीचे नाव तिकडे घराघरांत घेतले जाते, कानपुरात तिच्या नावाचा रस्ता आहे, आणि इंग्रजांनी तिला जिवंत जाळले ही कथा लहान मुलांनाही माहीत आहे. आपल्याकडचे अभ्यासक पुराव्याअभावी ती नाकारतात, आणि पुराव्याच्या कसोटीवर ते बरोबरही असतील. तरीही एखादे गाव आपल्या जळीताची आठवण एका मुलीच्या रूपाने का जपते, हा प्रश्न इतिहासाचाच आहे असे मला वाटते.

सहल कंपन्यांना माझे सांगणे एवढेच की, बिठूरला अर्धा दिवस तरी द्यावा आणि तो सकाळचा द्यावा. कार्यक्रमात आधी ब्रह्मावर्त घाट आणि नावेतून पत्थर घाट घ्यावा, मग वाल्मीकी आश्रम, आणि उद्यान सर्वांत शेवटी. मल्लाहाशी भाडे आधी ठरवून घ्यावे. मार्गदर्शक कानपूरहून न आणता गावातलाच घ्यावा. त्याची माहिती कधीकधी ऐकीव असेल, पण खुंटी कुठे आहे आणि पूर आला की पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढते, हे तोच दाखवू शकेल.

राहता राहिली आपल्या पुरवणीतील ती छायाचित्राची ओळ. पुढील अंकात ‘बिठूर येथील नानाराव पेशवे स्मारक उद्यान’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा असल्यास त्यासोबत घाटाचे एखादे छायाचित्र घ्यावे. माझ्याकडे मे महिन्यातले एक आहे, त्यात पाण्यापेक्षा वाळू अधिक दिसते. हवे असल्यास पाठवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपल्या दैनिकाचा एक जुना वाचक